फरांग, खॅक आणि पेरू: थाई लोक आपल्याला नक्की म्हणतात तरी काय?

वैशाली_बँकॉक

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

बँकॉकला येऊन अडीच वर्षं झाली. ऑफिस असोकला. थाई भाषा कामापुरती येते, म्हणजे टॅक्सीवाल्याला डावीकडे उजवीकडे सांगता येतं आणि "तिखट नको" म्हणता येतं (ऐकत कोणी नाही तो भाग वेगळा). परवा पॅन्ट्रीत चहा करत होते, मागे दोन मुली बोलत होत्या आणि बोलण्यात दोनदा "खॅक" असं आलं. पहिल्यांदा मला वाटलं कुणीतरी घसा खाकरतंय. दुसऱ्यांदा मी वळून बघितलं तर दोघी एकदम गप्प आणि मग ते सुप्रसिद्ध थाई स्माईल. त्यातली एक माझ्याच टीममधली आहे, रोज एकत्र जेवतो आम्ही.

घरी येऊन शोधलं तर खॅक म्हणजे पाहुणा. म्हटलं वा! मग खाली दुसरा अर्थ, भारतीय, अरब, मुसलमान वगैरे वगैरे. आता हे सगळं एकाच शब्दात कसं बसतं आणि यात पाहुणचार किती आणि हेटाळणी किती हेच कळेना. गोऱ्यांना फरांग म्हणतात ते माहीत होतं, ते आपलं फिरंगीच असणार. पण गोरे स्वतःलाच हसत हसत फरांग म्हणवून घेतात, खॅक म्हणवून घेणारा भारतीय मला अजून भेटला नाही.

तर प्रश्न असा की वाईट वाटून घ्यायचं की नाही? इथे राहिलेल्या लोकांनी सांगा प्लीज.

जुना_खोडकर

पाहुणा म्हणतायत तर चहा त्यांनी करायला हवा होता, तुम्ही कशाला करत होतात :)

सुखुम्वितचा_सदू

वैशालीताई, स्वागत. मी इथे अकरा वर्षं आहे, बायको थाई आहे, त्यामुळे हा शब्द मी सासुरवाडीत सुद्धा ऐकलाय. जरा सविस्तर लिहितो.

पहिलं फरांग. तो बहुतेक वेळा निव्वळ वर्णन असतो, आपण "तो गोरा" म्हणतो तसा. माझी सासू टीव्हीवर इंग्रजी सिनेमा लागला की "फरांगचा पिक्चर" म्हणते, त्यात राग नाही लोभ नाही. पण याच शब्दाच्या पुढे "आय" लावला की मामला बिघडतो. आय म्हणजे आपल्याकडे "ते साले" म्हणतो तसं समजा. २०२० च्या फेब्रुवारीत इथले आरोग्यमंत्री स्टेशनवर मास्क वाटत होते, काही गोऱ्यांनी घेतले नाहीत तर साहेब कॅमेऱ्यासमोरच चिडले आणि या फरांगांना देशाबाहेर हाकललं पाहिजे म्हणाले. नंतर माफी मागावी लागली. तेव्हा इथल्या गोऱ्यांना पहिल्यांदा कळलं की आपला लाडका शब्द चावतो पण.

आता खॅक. याची व्याप्ती अफाट. भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी, अरब, इराणी, मलय, जावा बेटावरचे, सगळे खॅक. आपल्याकडे विंध्याच्या खालचे सगळे मद्रासी असायचे ना, तसं. सिलोमला मारीअम्मन देवीचं तमिळ लोकांनी बांधलेलं देऊळ आहे, त्याला अख्खं बँकॉक "वाट खॅक" म्हणतं, आणि तिथे नवरात्रात अर्धी गर्दी थाई भाविकांची असते. ते काय शिवी देत देवळात येत नाहीत. दिवाणखान्याला पण "होंग रप खॅक" म्हणजे पाहुण्यांना घ्यायची खोली. म्हणजे शब्द साधाच आहे. पण माणसासमोर माणसाला खॅक म्हणत नाहीत, "खोन इंदिया" म्हणतात. पाठीमागे म्हणतात. त्या मुली गप्प झाल्या याचा अर्थ त्यांना फरक माहीत होता.

मीच_ती

सदूभाऊ तुम्ही फार गोड करून सांगताय. इथेच एक म्हण आहे ती पण सांगा ना, साप आणि खॅक एकत्र दिसले तर आधी खॅकला हाणा.

सुखुम्वितचा_सदू

आहे. मुद्दाम टाळली होती.

पेरूवाला_नाना

कोणी अजून पेरूवर का आलं नाही? थाईत पेरूला फरांगच म्हणतात! हातगाडीवर काचेच्या पेटीत बर्फावर मांडून ठेवतात, सोबत मीठ साखर तिखटाची पुडी. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा गाडीवाली "फरांग, फरांग" ओरडत होती आणि शेजारी एक लालबुंद जर्मन पेरू खात उभा होता. गाडीवाली त्याच्याकडे बघून म्हणाली फरांग किन फरांग, म्हणजे फरांग फरांगाला खातोय, आणि स्वतःच पोट धरून हसली. नंतर कळलं हा तिथला सगळ्यात शिळा जोक आहे, प्रत्येक गोऱ्याला आयुष्यात शंभरदा ऐकावा लागतो.

रेवती_चि

नाना +१. आणि नुसता पेरू नाही, भाजीबाजारात गेलं की सगळं फरांगच फरांग. बटाटा म्हणजे मान फरांग, फिरंगी कंद. शतावरीचे कोंब मिळतात ते फिरंगी बांबूचे कोंब. टॉम यम सूपवर घालतात ती लांब दातेरी पानाची कोथिंबीर ती पाक ची फरांग. आणि माझा सगळ्यात लाडका, च्युइंगगम. त्याला म्हणतात माक फरांग. माक म्हणजे सुपारी. फिरंगी सुपारी! आपल्या आज्या जशा पान खायच्या तशा यांच्याही आज्या खायच्या, मग गोरे लोक तोंडात काहीतरी चघळतायत आणि गिळत नाहीत, म्हणजे ही त्यांची सुपारीच असणार. इतकं सरळ. मला तर हा शब्द कळल्यावर दोन दिवस हसू येत होतं.

कुंदा_मावशी

अगं रेवती आपल्याकडे नाही का विलायती चिंच. आमच्या लहानपणी शाळेच्या बाहेर मिळायची, गोल गोल वेटोळ्याची, गुलाबी गर. ती काही विलायतेत पिकत नाही. परकी म्हणून विलायती.

रेवती_चि

मावशी तुम्ही कमाल केलीत! तीच चिंच इथे पण मिळते आणि तिला माखाम थेत म्हणतात. माखाम म्हणजे चिंच आणि थेत म्हणजे परदेशी. शब्दाला शब्द, विलायती चिंच! आणि गंमत म्हणजे हा "थेत" आपला "देश" आहे. संस्कृतातला देश तिकडे जाऊन परदेश झाला. टोमॅटो म्हणजे माखुआ थेत, विलायती वांगं. रताळं मान थेत. गरम मसाल्याचे जिन्नस, मिरी लवंग वेलची, सगळ्याला मिळून ख्रुआंग थेत, परदेशी सामान.

जुना_खोडकर

म्हणजे परदेशी वांगी चालतात, परदेशी कंद चालतात, पाहुणा तेवढा चालत नाही.

इतिहासवेडा

आता माझ्या आवडीचा विषय आला, लांबण लावणार, आधीच सांगतो.

फरांग हा शब्द फ्रान्सवरून आला असं खुद्द बरेच थाई लोक सांगतात कारण फ्रान्सला ते फरांगसेत म्हणतात. ऐकायला पटतं पण इतिहासाला पटत नाही. फ्रेंच मंडळी अयुथ्थयेच्या, म्हणजे सयामच्या (थायलंडचं जुनं नाव) तेव्हाच्या राजधानीच्या, दरबारात गाजली ती १६८० च्या दशकात. पोर्तुगीज तिथे पोचले १५११ मध्ये, मलाक्का घेतल्या घेतल्या. मग पावणेदोनशे वर्षं त्या पोर्तुगीजांना काय म्हणत होते? तर फरांगच. मूळ शब्द फ्रँक, युरोपातली ती जुनी जमात. क्रुसेडच्या काळात अरबांनी सगळ्या पश्चिमेच्या ख्रिश्चनांना तेच नाव लावलं, फारसीत फरंग झालं आणि फारसी व्यापाऱ्यांच्या जहाजातून ते सगळीकडे पोचलं. अयुथ्थयेला इराणी लोकांचं मोठं वजन होतं. शेख अहमद नावाचा इराणी व्यापारी सतराव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे मोठ्या हुद्द्यावर चढला, आणि त्याच्या वंशजांपैकी बुन्नाग घराणं पुढे सयामच्या राजकारणात शतकभर सगळ्यात ताकदवान होतं. म्हणजे बघा, गोऱ्यांना फरांग म्हणायला शिकवणारे इराणी स्वतः खॅक या खणात!

आपल्याकडे तोच शब्द फिरंगी झाला पण अर्थ जास्त काटेकोर होता. मराठी कागदांत फिरंगी म्हणजे पोर्तुगीज, फक्त पोर्तुगीज. इंग्रज वेगळा, वलंदेज म्हणजे डच वेगळा, फरासीस वेगळा, डिंगमार म्हणजे डेन्मार्कवाला वेगळा. सगळ्यांना मिळून म्हणायचं तर टोपीकर. वसईच्या मुलखाला फिरंगाण म्हणत, १७३९ ला चिमाजीअप्पांनी घेतला तो. सगळ्या गोऱ्यांना सरसकट फिरंगी हे नंतरचं. थाईत पण डचांना जुना शब्द विलांदा आहे, आपल्या वलंदेजाचा चुलतभाऊच.

तुक्या_तळेगावकर

आणि फिरंग तलवार? युरोपातलं सरळ पातं आणि मूठ इथली, म्हणून फिरंग. चाकणचा किल्ला १६६० मध्ये शायिस्तेखानाविरुद्ध लढवणाऱ्या किल्लेदाराचं नाव फिरंगोजी नरसाळा. म्हणजे आपल्याकडे या शब्दाची नावं ठेवत होते, नावं ठेवणं वेगळ्या अर्थाने हां. कुरकुंभला फिरंगाई देवी पण आहे.

वैद्यबुवा

तलवारीचं कौतुक झालं असेल तर दुसरी बाजू सांगतो. फिरंगरोग. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात हे नाव येतं, म्हणजे उपदंशासारखा तो गुप्तरोग, इंग्रजीत सिफिलिस. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत नव्हता, फिरंग्यांच्या संगतीने आला म्हणून फिरंग. उपाय चोपचिनी सांगितलाय, ती चीनकडून येणारी म्हणून चिनी. रोग एका परक्याच्या नावाने, औषध दुसऱ्या परक्याच्या नावाने. तमिळमध्ये पण परंगी म्हणजे तोच रोग आणि परंगी म्हणजे फिरंगी, आणि परंगीकाय म्हणजे चक्क लाल भोपळा.

पेरूवाला_नाना

वैद्यबुवा जेवायच्या वेळी भोपळा आणि सिफिलिस एका वाक्यात नको हो.

आदिस_मधला_मराठी

इथे इथिओपियात सुद्धा फेरेंज! माझ्याबरोबरचा स्कॉटिश इंजिनिअर रस्त्यावर निघाला की लहान पोरं मागे पळत "फेरेंज फेरेंज" ओरडतात. कंबोडियात होतो तेव्हा तिथे बारांग, त्यांच्याकडे फ्रेंचांचं राज्य होतं त्यामुळे तिथे अर्थ मुख्यतः फ्रेंच. पिनांगला बाटू फेरिंगी नावाचा बीच आहे. एक शब्द किती भटकलाय बघा, आपला पासपोर्ट लाजेल.

अनुजा_खडकी

सगळं वाचलं, माहिती छान आहे, पण मूळ प्रश्न पेरू बटाट्यात हरवला. मला सदू यांचा सूर पटला नाही. "शब्द साधाच आहे" हे नेहमी बोलणारा ठरवतो, ज्याला बोललं जातं त्याला कोणी विचारत नाही. दक्षिण थायलंडमधले मलय मुसलमान, ज्यांच्या पिढ्यान् पिढ्या तिथेच गेल्यात, त्यांना स्वतःच्या गावात "खॅक" म्हणजे पाहुणा म्हटलेलं आवडत नाही आणि का आवडावं? पाहुणा म्हणजे आज ना उद्या जाणार असा. पाहुणा हा शब्द कितीही गोड असला तरी त्यात "घर माझं आहे" हे आलंच. वैशाली, तुला खटकलं ना, मग ते खटकणं खरं आहे, त्याला व्युत्पत्तीने औषध लावू नकोस.

सुखुम्वितचा_सदू

अनुजा, मान्य, आणि मी तक्रार करू नका असं म्हणत नाही. पण मी स्वतः पहिली दोन वर्षं प्रत्येक खॅकवर भांडत होतो आणि त्यातल्या निम्म्या वेळा लोक खरंच "पाहुणे आलेत, खुर्च्या काढा" म्हणत होते. लग्नात मी मेव्हण्यावर डाफरलो होतो. तो बिचारा पाहुण्यांची जेवणं मोजत होता.

जुना_खोडकर

मग पोचलात का पंगतीत नंतर?

सुखुम्वितचा_सदू

शेवटच्या पंगतीला बसवला.

गोंयचो_पावणो

आमी गोंयकार हांव पळयतां तर हासूं येता! मराठीतच लिहितो, समजायला बरं. गोव्यात घाटावरून आलेला तो घाटी, बाहेरचा तो भायलो, आणि गोरा तो पाकलो. पाकलो म्हणजे मूळचा पोर्तुगीज शिपाई. आता पाकलो म्हटलं की कोणाला राग येत नाही, आठवणीतला शब्द झालाय. घाटी म्हटलं की येतो. का? कारण पाकल्याकडे एकेकाळी बंदूक होती आणि घाट्याच्या डोक्यावर मोळी. मला वाटतं फरांग आणि खॅकमधला फरक पण असाच काहीतरी आहे. फरांग बारमध्ये बसतो, खॅक डोक्यावर टोपली घेऊन शेंगदाणे विकायचा.

सुखुम्वितचा_सदू

पावणो बाब, शंभर टक्के. इथे "खॅक खाय थुआ" म्हणजे शेंगा फुटाणे विकणारा भय्या, आणि "खॅक याम" म्हणजे रात्रीचा गुरखा, असे दोन ठरलेले छाप आहेत जुन्या थाई लोकांच्या डोक्यात. तिसरा छाप पाहुरत बाजारातला कापडवाला शेठ. त्याला मात्र नाय हांग म्हणतात, म्हणजे पेढीचा मालक. तोंडावर नाय हांग. पाठीमागे काय ते सांगायला नको. आणि रोटीवाल्याला "बांग", मलयमधला थोरला भाऊ. गाडीवर केळं आणि घट्ट गोड दूध घालून रोटी देतो तो. त्याची रोटी खाऊन कुठल्याही खॅकला राग टिकवता येत नाही.

अनुजा_खडकी

हा "शेंगा विकणारा भय्या" तुम्ही किती सहज लिहिलंत बघा.

सुखुम्वितचा_सदू

... लिहिलं खरं.

मीच_ती

🍿

तबलापटू_सातारा

थोडं अवांतर. त्यांच्या शास्त्रीय संगीतात बऱ्याच चालींच्या नावापुढे देशाचं नाव असतं, लाओ अमुक, खमेर तमुक, चीन अमुक, आणि खॅक अमुक. म्हणजे त्या त्या लोकांच्या ढंगाची, किंवा सयामी कानाला त्यांच्यासारखी वाटणारी चाल. आणि एक ढोलकीसारखं वाद्य आहे ग्लोंग खॅक, दोघं मिळून दोन वाजवतात, हाताने, एकाला नर म्हणतात एकाला मादी. मुए थाईची कुस्ती बघितली असेल तर (कुस्ती नाही, बॉक्सिंग) मागे जी सनईसारखी चिरकी पिपाणी आणि ढोल असतो ना, तो हाच ढोल. पिपाणीचं नाव पी चवा, म्हणजे जावाची. म्हणजे यांचा सगळ्यात अभिमानाचा राष्ट्रीय खेळ, आणि त्याचा ताल खॅकचा, सूर जावाचा.

इतिहासवेडा

छान माहिती. यात चिनी लोकांचा उल्लेख राहिला. त्यांना हिणवायचा शब्द जेक, सभ्य शब्द चीन. राजा सहावा राम, वचिरावुध, याने १९१४ मध्ये तिथल्या चिनी लोकांना "पूर्वेचे ज्यू" म्हणणारा लेख लिहिला होता, कौतुकाने नव्हे. आणि याच राजाने शाकुंतल आणि सावित्री थाईत नेली. आता शंभर वर्षांनी बँकॉकच्या मध्यमवर्गात आजोबा पणजोबा चिनी नाही असा माणूस शोधावा लागतो आणि ते आपापसात स्वतःला जेक म्हणून हसतात. म्हणजे वैशालीताईंच्या प्रश्नाचं एक उत्तर असं की पैसा आणि तीन पिढ्या लागतात.

कुंदा_मावशी

तीन पिढ्या कुठे थांबणार ती, तिची बदली होईल.

सीमा_इसान

मी खोन केनला असते, ईशान्येकडचा इसान भाग. इथली बोली लाओसारखी. इथे पेरूला फरांग म्हणत नाहीत, माक सीदा म्हणतात. सीदा म्हणजे सीता!! इथे माक म्हणजे फळ (बँकॉकमध्ये सुपारी, इकडे कुठलंही फळ). म्हणजे पेरू झाला सीताफळ :))) आणि म्हणून गोऱ्यांना गमतीत "बाक सीदा" म्हणतात, सीताफळ्या म्हणा हवं तर. बँकॉकच्या फरांगवरून पेरू, पेरूवरून इकडचं सीदा आणि सीदावरून परत गोरा. इथे कितीतरी गोऱ्यांनी लग्नं करून घरं बांधलीत, सत्तरीचे आजोबा लुंगीसारखं फडकं गुंडाळून अंगणात बसलेले असतात आणि शेजारीण हाका मारते, ए बाक सीदा जेवलास का.

पेरूवाला_नाना

अरे देवा. माझ्या पेरूचं सीताफळ केलंत. मग सीताफळाला काय म्हणतात?

सीमा_इसान

थाईत नोय ना. त्याचा सीतेशी संबंध नाही, निश्चिंत राहा नाना.

पेरूवाला_नाना

आणि घाणेरड्या कपड्यातल्या बॅगवाल्या गोऱ्याला म्हणतात फरांग खी नोक. ती पण पेरूचीच एक गावठी जात आहे, शब्दशः पक्ष्याच्या शिटेचा पेरू. पक्षी खातात, बी टाकतात, कुठेही उगवतो. तसा हा कुठेही उगवतो.

संदीप_पुणे_फुकेत

तुम्ही सगळे शब्दात अडकलात, मी सांगतो खरा भेद कुठे आहे. नॅशनल पार्कच्या गेटवर. परदेशी माणसाचा दर इंग्रजी आकड्यात ठळक, आणि थाई माणसाचा दर थाई आकड्यात बारीक. तिथे खॅक, फरांग, जेक सगळे सारखे लुटले जातात. मी थाई आकडे शिकलो मुद्दाम, सोपे आहेत, शेवटी आपल्याकडूनच ख्मेर मार्गे गेलेत. गेटवर म्हटलं मला दिसतंय काय लिहिलंय. तो हसला आणि मोठाच दर घेतला.

तुक्या_तळेगावकर

अहो अजिंठ्याला आपण काय करतो? भारतीयाला ४० रुपये, परदेशी माणसाला ६००. फक्त आपण ते लपवत नाही. आणि मजेची गोष्ट, सार्क आणि बिमस्टेक (दक्षिण आशियातल्या आणि बंगालच्या उपसागराभोवतीच्या देशांच्या संघटना) देशांच्या लोकांना आपला भारतीय दर लागतो, आणि थायलंड बिमस्टेकमध्ये आहे. म्हणजे थाई माणूस अजिंठ्यात चाळीस रुपयात जातो.

संदीप_पुणे_फुकेत

हे मला माहीत नव्हतं. आता जास्त राग आला.

रेवती_चि

कायद्याच्या भाषेतला शब्द राहिलाच, तांग दाव. म्हणजे परक्या मुलखातला, सरकारी परदेशी. तांग चात पण आहे, चात म्हणजे आपली "जाति", तिकडे अर्थ राष्ट्र. तांग चात म्हणजे वेगळ्या राष्ट्राचा, सभ्य शब्द, बातम्यांत असतो. तांग दाव कायद्याने सगळ्यांना लागू, पण रोजच्या बोलण्यात "तांग दाव" म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर बर्मा, लाओस, कंबोडियाचा मजूर येतो, बांधकामावरचा. जर्मन मॅनेजरला कोणी तांग दाव म्हणत नाही, कागदावर तोही तोच असला तरी.

आणि यातला दाव वरून खाली पडत्या सुरात म्हणायचा. सपाट सुरात म्हटला की दाव म्हणजे तारा, ग्रह. मनुत तांग दाव म्हणजे परग्रहावरचा मनुष्य, एलियन. (मनुत = मनुष्य, तुम्हाला कळलंच असेल.) मी पहिल्या वर्षी इमिग्रेशन ऑफिसात परदेशी लोकांची नव्वद दिवसांची हजेरी लावायला गेले आणि काउंटरवर ऐटीत थाईत सांगितलं की मी तांग दाव आहे, सपाट सुरात. बाईंनी शांतपणे विचारलं, कुठल्या ग्रहावरून? शिक्का मारला पण.

जुना_खोडकर

इंग्रजांनी दोन्हीला एकच शब्द ठेवलाय, त्यामुळे बाईंची काही चूक नाही.

मीच_ती

उच्चारावरून आठवलं, खॅकमधला ख आपला नीट ख आहे आणि शेवटचा क गिळायचा. फरांगचा फ मात्र फॅनमधला, फळातला नाही. बरेच जण फलांग पण म्हणतात, र चा ल. आपली मंडळी "फर्रांग" म्हणून असं काही ठोकतात की वाटतं फर्लांग मोजतायत.

वैशाली_बँकॉक

बापरे, एवढे प्रतिसाद! सगळ्यांना वेगळं वेगळं उत्तर देत नाही पण प्रत्येक वाचलाय. अनुजा, तुझं "पाहुणा म्हणजे घर माझं आहे" हे डोक्यातून जात नव्हतं. आणि गोंयकारांचं मोळी आणि बंदूक पण.

शेवटी काल विचारलं तिला. जेवायला खाली गेलो होतो, पेरू घेतला (नानांना नमस्कार) आणि सरळ विचारलं की परवा पॅन्ट्रीत तुम्ही मला खॅक म्हणालात का. ती लालच झाली. मग म्हणाली नाही नाही, तुझ्याबद्दल नव्हतं, तिच्या बिल्डिंगमध्ये नवीन भाडेकरू आलेत, रात्री बारा वाजता फोडणी देतात आणि लिफ्टमध्ये मोठ्याने फोनवर बोलतात, त्यांच्याबद्दल सांगत होते. आणि मग अगदी मनापासून माझा हात धरून म्हणाली, तू खॅक नाहीस, तू इंदिया आहेस.

मला बरं वाटलं. म्हणजे एक मिनिट खरंच बरं वाटलं, हे कबूल करते. मग जिना चढताना आठवलं की आमच्या ठाण्याच्या सोसायटीत एक बिहारी कुटुंब होतं, मुलगा माझ्या वर्गात, आणि माझी आई त्याच्या आईला कौतुकाने म्हणायची "तुम्ही अजिबात भय्ये वाटत नाही हो". आई आजही ते कौतुक म्हणूनच सांगते. त्या काकू काय करायच्या? हसायच्या. मी पण काल हसलेच.

अनुजा_खडकी

लिहिलंस ते बरं केलंस.

कुंदा_मावशी

आईला काही बोलू नकोस गं आता, वय झालं असेल.

सुखुम्वितचा_सदू

रात्री बारा वाजता फोडणी देणारे कोण ते मला माहीत असावेत, आमच्याच व्हॉट्सॲप ग्रुपवरचे. विचारतो. ताई, ती मुलगी तुम्हाला नावाने हाक मारते की कसं?

वैशाली_बँकॉक

वैशाली त्यांना जमत नाही, व चा उच्चार वेगळाच होतो. "फी वाय" म्हणते, मी चार वर्षांनी मोठी म्हणून फी, म्हणजे ताई. वाय म्हणजे चपळ म्हणे त्यांच्याकडे. फळातला फ हो, फॅनमधला नाही.

सुखुम्वितचा_सदू

आणि सूर सांभाळा. फी खालून वर नेला तर भूत होतं. चपळ भूत.

पेरूवाला_नाना

ताई पेरू कसा होता पण? इकडच्यासारखा वास येतो का त्याला? मला तिथला नुसता करकरीत लागला, काकडीसारखा.

वैशाली_बँकॉक

बरोबर काका, वास नाहीच. पण पुडीतलं तिखटमीठ चांगलं होतं.